दिंडी दरवाजा कोणाच्या ताब्यात? वर्डप्रेसचे लॉगिन प्लगइन आणि त्यांतली भगदाडं

नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘रिअली सिंपल सिक्युरिटी’ या वर्डप्रेस प्लगइनमध्ये एक चूक सापडली. (वर्डप्रेस म्हणजे वेबसाइट बनवायची आणि चालवायची प्रणाली, आणि प्लगइन म्हणजे तिला एखादी जास्तीची सोय देणारा जोडकोड.) तेव्हा हा प्लगइन चाळीस लाखांहून जास्त वेबसाइटवर बसवलेला होता. नावाप्रमाणेच त्याचं काम सुरक्षेचं. त्यातली एक सोय अशी, की पासवर्ड बरोबर टाकल्यावरही आणखी एक खातरजमा करायची. ईमेलवर कोड येतो, तो टाकला की मगच प्रवेश, बँकेच्या ओटीपीसारखा. चूक होती ती नेमकी या सोयीत. ज्यांनी ती सुरूच केली नव्हती, त्यांना या चुकीचा धोका नव्हता. ज्यांनी जास्तीची काळजी म्हणून ती सुरू केली, त्यांच्या साइटवर मात्र कोणीही परका माणूस पासवर्ड न टाकता, कोड न टाकता, थेट ॲडमिन म्हणून, म्हणजे साइटचे सगळे अधिकार घेऊन, आत जाऊ शकत होता.

ही बातमी वाचली तेव्हा मला खरंच वाईट वाटलं. मी काही छोट्या संस्थांच्या वेबसाइट सांभाळतो आणि ‘पासवर्डवर भागवू नका, दुसरं कुलूपही लावा’ असं त्यांना वर्षानुवर्षं सांगत आलोय. तो सल्ला आजही मी बदललेला नाही. पण दुसरं कुलूप बसवताना दाराची चौकटच ढिली होऊ शकते, ती कशी, हे कळल्याशिवाय तो सल्ला अर्धाच राहतो. म्हणून हा लेख.

आधी साधं लॉगिन कसं चालतं ते पाहू. तुम्ही नाव आणि पासवर्ड टाकता. वर्डप्रेसकडे तुमचा पासवर्ड जसाच्या तसा लिहून ठेवलेला नसतो. त्याचा कुटून चुरा केलेला एक अवशेष असतो, त्याला हॅश म्हणतात. चुऱ्यावरून मूळ पासवर्ड परत घडवता येत नाही, पण तुम्ही आत्ता टाकलेला पासवर्ड त्याच पद्धतीने कुटला आणि तोच चुरा निघाला, तर पासवर्ड बरोबर. (एप्रिल २०२५ च्या ६.८ आवृत्तीपासून हा चुरा बीक्रिप्ट नावाच्या जास्त कणखर पद्धतीने होतो.) जुळलं की वर्डप्रेस तुमच्या ब्राउझरला एक कुकी देतं. प्रदर्शनात तिकीट दाखवल्यावर मनगटावर शिक्का मारतात ना, तशी. पुढच्या प्रत्येक पानावर पासवर्ड विचारला जात नाही, शिक्का बघितला जातो. हा शिक्का साधारण दोन दिवस चालतो. ‘मला लक्षात ठेवा’ची खूण केली असेल तर चौदा दिवस.

आता सगळ्या लेखाची किल्ली ज्या एका गोष्टीत आहे, ती सांगतो. शिक्का मारणारं एक वेगळं फंक्शन, म्हणजे ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा, वर्डप्रेसमध्ये आहे, ‘डब्ल्यूपी सेट ऑथ कुकी’. त्याला फक्त वापरकर्त्याचा क्रमांक द्यायचा. १ दिला की ते क्रमांक १ च्या माणसाचा शिक्का मारून मोकळं होतं. ते पासवर्ड विचारत नाही, ओळख विचारत नाही. ‘ज्याने मला बोलावलं त्याने आधी चौकशी केलीच असेल’ असं ते धरून चालतं. वर्डप्रेसच्या स्वतःच्या लॉगिन पानावर ती चौकशी होते, आणि तिथला कोड वीसेक वर्षं हजारो डोळ्यांखालून गेलेला आहे. पण हेच फंक्शन कोणताही प्लगइन बोलावू शकतो.

गडाच्या महादरवाजात एक छोटं दार असतं, दिंडी दरवाजा. रात्री मोठे दरवाजे लागले की एकेका माणसाला वाकून त्या दिंडीतून आत घेत. महादरवाजाला खिळे, साखळदंड, अडसर असं सगळं असलं तरी दिंडीवरचा पहारेकरी गाफील असेल तर त्या खिळ्यांचा काय उपयोग! लॉगिनचा प्रत्येक प्लगइन, मग तो ‘गूगलने लॉगिन करा’चं बटण देणारा असो, सभासद नोंदणीचा असो की ओटीपीचा, महादरवाजात आपापली एक दिंडी पाडतो आणि तिथे आपला पहारेकरी बसवतो. तो पहारेकरी वर्डप्रेसचा नसतो. तो त्या प्लगइनच्या लेखकाचा असतो, आणि कित्येकदा हा लेखक एकटाच, नोकरी सांभाळून रात्री कोड लिहिणारा माणूस असतो.

रिअली सिंपल सिक्युरिटीत काय झालं ते जवळून बघण्यासारखं आहे. दुसऱ्या खातरजमेच्या पडद्यावर ‘हे सध्या वगळा’ अशी एक वाट होती. त्या वाटेवर दोनच कामं व्हायची होती. पहिलं, आलेल्या विनंतीतला वापरकर्ता क्रमांक आणि त्याच्यासोबतचा परवलीचा शब्द तपासायचा. हा परवलीचा शब्द पासवर्ड बरोबर टाकलेल्या माणसालाच मिळतो. दुसरं, तपासणी पार पडली की शिक्का मारायचा. तपासणी करणारं फंक्शन अगदी चोख होतं. परवलीचा शब्द चुकीचा असला की ‘चूक आहे’ असं उत्तर ते न चुकता द्यायचं. पण ज्याने ते बोलावलं होतं, त्याने ते उत्तर कानावर घेतलंच नाही! पुढच्याच ओळीत विनंतीत आलेला क्रमांक उचलून सरळ शिक्का मारला. म्हणजे पहारेकरी ओरडतोय ‘हा आपला नाही’, आणि दार उघडणारा त्याच्याकडे न बघता दार उघडतोय. हल्लेखोराला फक्त क्रमांक माहीत हवा, आणि बहुतेक साइटवर पहिला ॲडमिन क्रमांक १ च असतो.

वर्डफेन्स या सुरक्षा कंपनीच्या संशोधकाला ही चूक ६ नोव्हेंबरला दिसली. दुरुस्त केलेली ९.१.२ ही मोफत आवृत्ती १४ नोव्हेंबरला आली. धोका इतका मोठा होता, की वर्डप्रेस डॉट ऑर्गने, म्हणजे जिथून प्लगइन मिळतात त्या वर्डप्रेसच्या अधिकृत साइटने, आपल्या बाजूने जबरदस्तीने अपडेट ढकलले. एरवी ते असं क्वचित करतात. सुरक्षा दोषांच्या जागतिक यादीत या चुकीची नोंद सीव्हीई-२०२४-१०९२४ या क्रमांकाने आहे आणि गांभीर्य दहापैकी ९.८. कोडमध्ये दुरुस्ती किती? उत्तर ऐकायचं आणि चूक असेल तर थांबायचं, मोजून दोन-चार ओळी.

कोड लिहिणाऱ्यांना मी इथे दूषणं देत नाहीये. चाचणी घेताना आपण बहुतेक वेळा ‘बरोबर माणूस आत जातो का’ हे बघतो. तो जात होताच, त्यामुळे सगळं ठीकच दिसत होतं. ‘चुकीचा माणूस बाहेर राहतो का’ ही वेगळी चाचणी आहे आणि ती घ्यायची आठवण कोणीतरी मुद्दाम ठेवावी लागते.

आता दुसऱ्या जातीची चूक. ‘गूगलने लॉगिन करा’, ‘लिंक्डइनने लॉगिन करा’ अशी बटणं देणारा मिनीऑरेंज कंपनीचा एक प्लगइन होता, तीस हजारांहून जास्त साइटवर. गूगलकडून ‘हा माणूस अमुक ईमेलचा’ अशी खात्री आली की तो निरोप प्लगइन कुलूपबंद करून, म्हणजे एन्क्रिप्ट करून, एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर पाठवायचा. कल्पना चांगली. पण कुलपाची चावी कोडमध्येच लिहिलेली होती, आणि प्रत्येक साइटवर तीच. प्लगइनचा कोड तर कोणीही उतरवून वाचू शकतो. चावी वाचायची, ‘मी म्हणजे या साइटच्या ॲडमिनचा ईमेल’ असा निरोप स्वतःच कुलूपबंद करायचा आणि पाठवायचा, की झालं काम. गूगलचा यात संबंधच उरत नाही. आणि संस्थेच्या ॲडमिनचा ईमेल म्हणजे बहुधा ‘संपर्क’ पानावर लिहिलेला ईमेल. जून २०२३ मध्ये ७.६.५ या आवृत्तीत हे दुरुस्त झालं. हाउसिंग सोसायटीतल्या सगळ्या फ्लॅटना बिल्डरने एकाच चावीची कुलपं बसवावीत आणि ती चावी माहितीपत्रकात छापावी, असा हा प्रकार होता.

तिसरी दिंडी म्हणजे ‘पासवर्ड विसरलात?’ ही वाट सगळ्यात दुर्लक्षित, आणि माझ्या मते सगळ्यात नाजूक. कारण पासवर्ड न सांगता आत येता यावं यासाठीच ती बांधलेली असते. तिथली एकमेव सुरक्षा म्हणजे ईमेलवर गेलेला दुवा आणि त्यातली एकदाच चालणारी गुप्त किल्ली. एलिमेंटॉर या पानं रचायच्या प्लगइनसोबत वापरला जाणारा ‘एसेन्शियल ॲडऑन्स’ हा प्लगइन दहा लाखांहून जास्त साइटवर होता. त्याने लॉगिन-नोंदणीचा स्वतःचा फॉर्म दिला होता. त्या फॉर्मच्या मागचा कोड नवा पासवर्ड बसवताना ती गुप्त किल्ली तपासतच नव्हता. वापरकर्त्याचं नाव सांगा, नवा पासवर्ड सांगा, तो बदलून मिळेल! मे २०२३ मध्ये ५.७.२ आवृत्तीने हे बुजवलं, आणि त्यानंतर काही दिवसांतच भगदाड शोधत फिरणाऱ्या स्वयंचलित विनंत्या इंटरनेटवर सुरू झाल्या.

याच वाटेवर आणखी एक फसवी जागा आहे. किल्ली चोख तपासली, पण किल्ली असलेला ईमेलच दुसऱ्याला वाचता आला तर? ‘ईझी डब्ल्यूपी एसएमटीपी’ हा साइटवरून मेल पाठवण्याचा प्लगइन, २०२० मध्ये पाच लाखांहून जास्त साइटवर. मेल का जात नाहीत हे तपासता यावं म्हणून तो गेलेल्या मेलची नोंद एका फाइलमध्ये लिहू शकायचा. ती फाइल त्याच्याच फोल्डरमध्ये, आणि काही सर्व्हरवर त्या फोल्डरची यादी ब्राउझरमधून कोणालाही उघडता यायची. हल्लेखोर लॉगिन पानावर जाऊन ॲडमिनसाठी ‘पासवर्ड विसरलो’ दाबायचा. मेल खऱ्या ॲडमिनलाच जायचा, पण त्याची प्रत नोंदीच्या फाइलमध्ये पडायची. ती वाचायची, दुवा उचलायचा. इथे लॉगिनच्या कोडला कोणी हातही लावला नव्हता. म्हणून मी सांगतो, की ‘लॉगिन प्लगइन’ म्हणजे फक्त लॉगिनचं बटण देणारा नव्हे. मेल पाठवणारा, नोंदी ठेवणारा, सभासदांची माहिती साठवणारा असे सगळे त्याच रांगेत धरायचे.

एप्रिल २०२५ मधलं ओटोकिटचं (साइटला बाहेरच्या सेवांशी जोडणारा प्लगइन, आधीचं नाव शुअरट्रिगर्स) प्रकरण लहानसं, पण लक्षात राहण्यासारखं. बाहेरून येणाऱ्या विनंतीतली गुप्त किल्ली आणि साइटवर साठवलेली किल्ली जुळते का, एवढं तो प्लगइन बघायचा. प्लगइन बसवला पण जोडणी पूर्ण केली नाही, तर साठवलेली किल्ली रिकामी. हल्लेखोराने विनंतीत किल्लीच्या जागी काहीच पाठवलं नाही. रिकामं आणि रिकामं जुळलं, आणि दार उघडलं. माहिती जाहीर झाल्यापासून चार तासांत हल्ले सुरू झाल्याचं पॅचस्टॅक या कंपनीने नोंदवलं. चार तास! संस्थेच्या कार्यकारिणीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप वाचून होईपर्यंत एवढा वेळ सहज जातो.

आणि अल्टिमेट मेंबर. सभासद नोंदणीचा प्लगइन, दोन लाखांहून जास्त साइटवर. नोंदणीच्या फॉर्ममध्ये माणूस नाव, गाव, फोन भरतो आणि ती माहिती त्याच्या खात्याला जोडली जाते. पण वर्डप्रेसमध्ये ‘हा ॲडमिन की साधा सभासद’ हेही त्याच तक्त्यात, तशाच एका रकान्यात लिहिलेलं असतं. म्हणून प्लगइनने न भरू द्यायच्या रकान्यांची यादी केली होती. हल्लेखोरांनी रकान्याचं नाव किंचित बदललं, मध्ये एखादी तिरकी रेघ किंवा एखादं वेगळं अक्षर घातलं. यादीला ते नाव ओळखू आलं नाही, डेटाबेसला मात्र आलं. नोंदणी करता करता माणूस ॲडमिन. २०२३ च्या जूनअखेर हे हल्ले चालू असतानाच दुरुस्तीच्या आवृत्त्या एकापाठोपाठ येत होत्या, आणि पूर्ण इलाज १ जुलैच्या २.६.७ मध्ये झाला. ‘यांना आत सोडू नका’ अशी यादी कायम अपुरी पडते. ‘एवढ्यांनाच सोडा’ अशी यादी करावी लागते, आणि तिला मेहनत जास्त लागते.

चुकीचे पासवर्ड मारणाऱ्याला अडवणारे प्लगइनही यातून सुटलेले नाहीत. वर्डप्रेस मुळात किती वेळा चुकीचा पासवर्ड टाकावा यावर मर्यादा घालत नाही, म्हणून ‘लिमिट लॉगिन अटेम्प्ट्स’सारखे प्लगइन लोक बसवतात. ते योग्यच आहे. २०२३ मध्ये त्यात असं सापडलं, की ठरावीक सेटिंग असेल तर हल्लेखोर आपल्या आयपी पत्त्याच्या (इंटरनेटवरच्या पत्त्याच्या) जागी जावास्क्रिप्टचा, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कोडचा, तुकडा पाठवू शकतो. प्लगइन तो अडवायचा, आणि ‘याला अडवलं’ म्हणून तोच तुकडा नोंदीत जसाच्या तसा लिहायचा. ॲडमिन कौतुकाने नोंद उघडून बघायचा, आणि तो तुकडा ॲडमिनच्या ब्राउझरमध्ये, ॲडमिनच्या अधिकारात चालायचा. सहा लाखांहून जास्त साइट, दुरुस्ती १.७.२ मध्ये.

आकड्यांत सांगायचं तर पॅचस्टॅकच्या नोंदीनुसार २०२४ या एका वर्षात वर्डप्रेसच्या जगात ७,९६६ नवे दोष सापडले. त्यातले ९६ टक्के प्लगइनमधले होते, आणि वर्डप्रेसच्या मूळ गाभ्यात फक्त सात. महादरवाजा भक्कम आहे, हे यावरून दिसतंच.

आत शिरलेला माणूस करतो काय? लोकांना वाटतं तो साइट बंद पाडेल, पानावर काहीतरी घाणेरडं लिहील. तसं झालं तर बरंच, लगेच कळतं तरी. मी सांभाळत असलेल्या एका वाचनालयाच्या साइटवर काही वर्षांपूर्वी हे घडलं. ग्रंथपाल बाईंचा फोन आला, “सर, गूगलवर आपलं वाचनालय शोधलं तर चिनी अक्षरं येतायत.” मी साइट उघडली तर सगळं जसंच्या तसं. नवीन पुस्तकांची यादी, वेळापत्रक, वर्धापनदिनाचे फोटो. गूगलमध्ये शोधल्यावर मात्र वाचनालयाच्या नावाखाली जपानी भाषेत हँडबॅगा आणि घड्याळांची शेकडो पानं. आत बसवलेला कोड समोर कोण आहे ते ओळखत होता. माणसाला खरं पान आणि गूगलच्या यंत्राला जपानी दुकान. आमच्या डोळ्यांना ते कधीच दिसलं नसतं.

मग मी वापरकर्त्यांची यादी उघडली. वर लिहिलं होतं ‘ॲडमिनिस्ट्रेटर (३)’. त्यावर क्लिक केल्यावर खाली नावं दोन. बाईंचं आणि माझं. मी दोनदा मोजली. तिसरा ॲडमिन यादीतून स्वतःचं नाव गाळणारा कोड टाकून बसला होता, फक्त वरचा आकडा कमी करायचं राहून गेलं होतं. डेटाबेसमध्ये थेट बघितलं तेव्हा तो सापडला, चार महिन्यांपूर्वी तयार झालेला. वाट कोणती? लॉगिनची खिडकी पानावरच सुंदर उघडणारा एक जुना प्लगइन. आम्ही तो वापरायचं सोडून दिलं होतं, पण काढला नव्हता. त्याच्या लेखकानेही त्याला हात लावून दोन वर्षं झाली होती. ‘बाई, चूक माझी आहे,’ असं मी सांगितलं, आणि पुढचे तीन दिवस साफसफाईत गेले.

त्या तीन दिवसांत जे शिकलो त्यातलं कामाचं तेवढं सांगतो. फक्त पासवर्ड बदलून भागत नाही. पासवर्ड बदलला की त्या एका खात्याचे जुने शिक्के बाद होतात, बाकीच्यांचे चालूच राहतात. सगळेच्या सगळे शिक्के एका झटक्यात बाद करायचे असतील, तर ‘डब्ल्यूपी-कॉन्फिग’ फाइलमधल्या आठ गुप्त ओळी बदलायच्या. त्यांना सॉल्ट आणि की म्हणतात. नव्या ओळी वर्डप्रेस डॉट ऑर्ग स्वतः तयार करून देतं, होस्टिंगवाल्याला सांगितलं तर तोही पाच मिनिटांत बदलून देईल. सगळ्यांना पुन्हा लॉगिन करावं लागतं, एवढाच त्रास. मग ‘एमयू-प्लगइन्स’ नावाचं फोल्डर बघायचं. त्यातला कोड आपोआप चालतो आणि प्लगइनच्या नेहमीच्या यादीत तो दिसत नाही, म्हणून चोराची ती आवडती जागा. प्रत्येक ॲडमिनच्या प्रोफाइलमध्ये खाली ‘ॲप्लिकेशन पासवर्ड’ असा भाग असतो. तिथे आपण न बनवलेलं काही असेल तर ते रद्द करायचं, कारण खात्याचा पासवर्ड बदलल्यावरही ते चालू राहतं.

आणि वेळ यायच्या आधीचं. प्लगइनच्या यादीत प्रत्येकासमोर ‘ऑटो-अपडेट सुरू करा’ असा दुवा असतो, २०२० च्या ५.५ आवृत्तीपासून. लॉगिनशी, सभासदांशी, मेलशी संबंध असलेल्या प्रत्येक प्लगइनला तो सुरू करा. अपडेटने साइट मोडेल ही भीती मला रोज ऐकू येते, आणि ती खोटी नाही. मोडलेली साइट बॅकअपवरून अर्ध्या तासात परत उभी राहते, एवढंच मी त्यावर सांगतो. विकतचा प्लगइन असेल तर त्याच्या लायसन्सची तारीख बघा. मुदत संपली की बहुतेकांचे अपडेट थांबतात. दोष सापडून वर्डप्रेस डॉट ऑर्गने एखादा प्लगइन बंद केला, तरी तुमच्या डॅशबोर्डवर तसा इशारा दिसेल अशा भरवशावर राहू नका. तिमाहीतून एकदा प्रत्येक प्लगइनचं पान उघडून ‘शेवटचा अपडेट’ कधीचा ते वाचायचं, मी कागदावर खुणा करत जातो. आणि जे वापरात नाही ते नुसतं बंद करून ठेवू नका, पुसून टाका. बंद प्लगइनच्या फाइल सर्व्हरवर तशाच पडलेल्या असतात.

वाचनालयाच्या साइटवर आता सहा प्लगइन आहेत, आधी एकोणीस होते. पुस्तक राखून ठेवायला सभासद ग्रंथपाल बाईंना फोन करतात, त्यासाठीचं ऑनलाइन लॉगिन आम्ही काढूनच टाकलं. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी बाई वापरकर्त्यांची यादी उघडतात, ॲडमिनिस्ट्रेटरपुढचा आकडा आणि खालची नावं मोजतात, आणि मला एवढाच मेसेज येतो : “दोन आणि दोन.”